तीन तोंडं दूध

गोजरानं साळूला शाळेतून काढलं, ते साळूच्या धाकट्या भावाचा जीव वाचावा म्हणून. त्यात आपली चूक झाली हे तिला दहा दिवसांनी कळलं. चौदा महिन्यांच्या पोराला दहा दिवस म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

पुण्यात पानशेतचं पाणी शिरलं, तो पावसाळा. गोजराचा नवरा नथू वाडीतल्या चौघांबरोबर गाळ उपसायच्या कामाला पुण्याला गेला आणि गेल्यापासून त्याचा काही सांगावा नव्हता. डोंगरातल्या एका तलावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत मागं राहिली ती गोजरा, तिची सासू धोंडाबाई, आठ वर्षांची साळू आणि कोंडिबा. साळूच्या पाठची दोन पोरं वर्षाच्या आतच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा धोंडाबाईनं त्याला भाताच्या कोंड्यात लोळवलं आणि नावही कोंडिबा ठेवलं. कोंडा कोण कशाला उचलून नेईल? एवढ्यानं मरण फसेल असं म्हातारीला वाटलं होतं.

नथू गेला आणि आठच दिवसांत गोजराला हिवतापानं धरलं. ताप उतरला तेव्हा अंगावरचं दूध आटून गेलेलं. कोंडिबा छातीला लागायचा, ओढ ओढ ओढायचा आणि मग तोंड बाजूला करून रडायचा. नाचणीची पेज दिली की अर्धी बाहेर यायची. पंधरा दिवसांत त्याचे हातपाय काटक्यांसारखे झाले, पोट मात्र मडक्यासारखं पुढं आलं. घरची गाय भाकड होती. दुभती म्हैस वाडीत एकट्या गेणबाकडं. गेणबाच्या बायकोनं चार दिवस वाटीभर दूध दिलं आणि पाचव्या दिवशी दारातूनच हात जोडले.

"गोजरे, राग मानू नगं. सुकल्याल्या पोराला दूध घातलं की म्हशीची कास सुकती म्हनत्यात. आमचं समदं त्या म्हशीवर हाय बग."

गोजरा रिकामी वाटी घेऊन परत आली. तिला राग आला नाही. तिची म्हैस असती तर तिनंही कदाचित हेच केलं असतं.

त्याच सुमाराला शाळेत दूध सुरू झालं. शाळा भैरोबाच्या देवळात भरायची. मास्तर एकच, पौडचे युनूस मास्तर. आठवडाभर देवळाशेजारच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. दूध यायचं ते भुकटीचं, पुठ्ठ्याच्या मोठ्या ड्रमात, बाहेरून कसलीतरी परकी अक्षरं. कुठल्या लांबच्या मुलखातल्या लोकांनी जगातल्या पोरांसाठी पाठवलंय, एवढं मास्तरांनी सांगितलं. वाडीला ते काही पटलं नाही.

"गाय न्हाई, म्हस न्हाई, आन् दूध हुतंय कसं?" धोंडाबाई म्हणायची. "सायबाची हाडं असतील कुटून घातल्याली."

पण पोरं प्यायली, मेली नाहीत, आणि हळूहळू कुणी काही बोलेनासं झालं. मधल्या सुट्टीच्या आधी मास्तर तीन दगडांच्या चुलीवर पाणी कोमट करायचे, भुकटी कालवायचे आणि रांगेनं बसलेल्या पोरांपुढं एकेक जर्मन धातूचा पेला ठेवायचे. नियम एकच होता, आणि तो मास्तर रोज सांगायचे. दूध इथंच बसून प्यायचं. देवळाच्या उंबऱ्याबाहेर एक थेंब जाता कामा नये. पलीकडच्या एका गावात लोकांनी भुकटी वासरांना घातली, कुणी चहाच्या दुकानात विकली, आणि वरून हुकूम येऊन त्या गावचं दूधच बंद झालं होतं.

"एकानं खाल्ली माती, तर सगळ्यांचं तोंड कडू," मास्तर म्हणायचे. "एकाची चोरी सापडली की ड्रम परत. समजलं का?"

"व्हय गुर्जी," सव्वीस पोरं ओरडायची. साळूही ओरडायची.

आणि श्रावण अर्धा सरला तेव्हा कोंडिबा सुधारायला लागला. सुधारला म्हणजे काय, रडायला जोर आला. मान धरू लागला. एकदा तर गोजराकडं बघून हसला. गोजरा गेणबाच्या खाचरात बेणणीला जायची, भातातलं गवत उपटत दिवसभर चिखलात वाकलेली असायची. संध्याकाळी घरी आली की सासूला पहिलं विचारायची, "कसा हुता?"

"सकाळच्या पारी किरकिर," धोंडाबाई सांगायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, तिला पोर दिसायचं ते धुरकट. "पर दुपारच्याला साळी येती न्हवं, येती आन् जाती, येती आन् जाती, तवा ह्यो गप पडतुया. मग झोपतुया. पोरीचा पायगुण हाय गोजरे. तिचा वास आला की ह्याच्या जिवात जीव येतुया."

गोजरानं हे दोनतीन दिवस मनात घोळवलं. रविवारी शाळा नसायची, साळू दिवसभर घरी असायची, आणि नेमका त्या दिवशी पोरगा जास्त रडायचा. हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. पण रविवारी ती स्वतः रानात, आणि म्हातारीला वार कळायचे नाहीत. गोजरानं आपल्या परीनं सरळ विचार केला. पोरगी दुपारी घटकाभर येते तर एवढा फरक पडतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ राहिली तर दुप्पट पडेल.

सोमवारी ती साळूचा हात धरून देवळात गेली.

"गुर्जी, पोरीचं नाव काडा."

मास्तर फळ्यावर लिहीत होते, ते खडू हातात धरून वळले. "नाव काढू? बाई, सगळ्या वर्गात जोडाक्षरं वाचणारी ही एकटी आहे. हल्ली दुधाच्या वेळी गप्प गप्प असते, मी रागावलोसुद्धा. पण वाचते चांगली."

"वाचून काय करू? घरात पोर मरायला लागलंय."

"मग हिला काढून ते जगणार आहे?"

"व्हय," गोजरा म्हणाली. "जगनार हाय."

साळूनं एकदा ड्रमाकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि मग मान खाली घातली. तिनं त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर? पण समोर मास्तर होते, रांगेत पंचवीस पोरं होती, आणि एकाची चोरी म्हणजे सगळ्यांचं दूध बंद हे तिनं रोज ऐकलेलं होतं.

त्या दिवसापासून साळू घरी राहिली. कोंडिबाला कडेवर घेऊन फिरायची, मांडीवर थोपटायची, पेज भरवायची. कोंडिबा तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. दुपार झाली की तो बोटं पुढं करायचा, तिच्या ओठांना लावायचा, ओठांच्या आत घालायचा, चाचपायचा. मग रडायचा. ते पाहून साळूही रडायची.

"काय झालं गं तुला बुळगे?" गोजरा खेकसली. "पोरगं तुज्याशी खेळतंय आन् तू रडतीयास?"

"त्यो खेळत न्हाई, आये."

"मग काय करतुया?"

साळूनं ओठ घट्ट मिटून घेतले.

चौथ्या दिवशी कोंडिबाचं रडणं बारीक झालं. सातव्या दिवशी मान परत लोंबायला लागली. गोजरानं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, भैरोबाला नारळ कबूल केला. आता काय राहिलं होतं? पोरगी जवळ होती, पायगुण जवळ होता, तरी पोरगं हातातून निसटत चाललं होतं. नवव्या रात्री तिनं त्याला पोटाशी धरलं तेव्हा तो तिला टोपलीएवढाही जड लागला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी गोजरा घराखालच्या खाचरात वाकून बेणत होती. देवळाकडून कुणी ओरडल्याचा आवाज आला म्हणून तिनं मान वर केली. बांधावरून साळू पळत येत होती, आणि तिच्या मागं धोतराचा सोगा हातात धरून युनूस मास्तर. पोरगी आवाज करत नव्हती. नुसती पळत होती, गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले. ओल्या बांधावर मास्तरांनी तिला गाठलं आणि दंडाला धरलं.

"काय चोरलंस? तोंडात काय आहे? उघड. उघड म्हणतो ना!"

साळूनं मान हलवली. मास्तरांनी तिची हनुवटी धरली. तिनं ओठ आवळून ठेवले होते, पण मास्तरांच्या बोटांपुढं तिचं काय चालणार? तोंड उघडलं, आणि दूध तिच्या हनुवटीवरून, परकरावरून ओघळून बांधावरच्या चिखलात पडलं.

गोजरा चिखलातून धडपडत वर आली आणि तिनं आधी पोरीच्या थोबाडीत मारली. चोरी म्हणून मारली. साळूला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती गुडघ्यावर बसली होती आणि ओंजळीनं चिखलातलं पांढरं पाणी गोळा करायला बघत होती.

"सांडलं," ती म्हणत होती. "आये, सांडलं त्याचं. अजून दोन तोंडं हायेत. मी आनते. गुर्जी, मला जाऊ द्या, चुलीपाशी म्या भरल्याल्या पेल्यात अजून दोन तोंडं हायेत."

कुणाला काही विचारावं लागलं नाही. एका पेल्यात तीन तोंडं दूध बसायचं. देवळाच्या मागच्या भिंतीतल्या खिंडारातून बाहेर, दोन खाचरं ओलांडून घर. तीन वेळा जायचं, तीन वेळा यायचं, आणि भावाच्या तोंडाला तोंड लावून पाखरू पिलाला घालतं तसं घालायचं. थोबाडीत मारलेला हात गोजरानं पदरात गुंडाळून घेतला. येती आन् जाती, येती आन् जाती, असं म्हातारी सांगत होती ते हेच. आणि दुधाच्या वेळी वर्गात गप्प बसणारी पोरगी, जिच्यावर मास्तर रागावले होते, ती तोंडातलं दूध गिळायचं नाही म्हणून गप्प होती.

मास्तरांनी तिचा दंड सोडला.

"तू स्वतः किती प्यायचीस गं?" त्यांनी विचारलं.

साळूला प्रश्नच कळला नाही.

त्या पोरीच्या गळ्याजवळची हाडं गोजराला त्या वेळी पहिल्यांदा दिसली. रोज समोर असायची, पण बघायला फुरसत कुणाला होती? घरात एक पोर मरत होतं, म्हणून दुसऱ्याकडं नजर गेली नव्हती. आता दोन्ही समोर होती, आणि पेला एक.

"गुर्जी," ती म्हणाली, "माज्या बारक्याचं नाव घाला शाळंत."

"सहा वर्षांच्या खालचं घेता येत नाही, बाई."

"मग माजं घाला. मी बसते रांगंत. पाटी घेते."

मास्तरांना हसू येईल की काय असं झालं, पण ते हसले नाहीत. "साळूचं नाव मी काढलंच नव्हतं," ते म्हणाले. "उद्यापासून तिला पाठवा. पेला तिचा आहे. तिच्या पेल्यात जास्त घालायला ड्रमात दूध उरलेलं नाही. चार दिवसांचं आहे, तेही पातळ करून. पुढचा ड्रम पौडला पडलाय. पण ओढ्यांना पाणी आहे, दसऱ्याच्या आत गाडी वर यायची नाही."

घरी आल्यावर गोजरानं साळूला चुलीपुढं बसवलं. कुठल्याही आईला एक पेला दोन पोरांत वाटून द्यावा लागू नये.

"पयलं तोंड तू गिळायचं," ती म्हणाली. "ऐकलंस? पयलं तुजं. दुसरं आन् तिसरं त्याचं."

"त्याला पुरंल का दोन?"

"ते मी बगते. तू गिळ. माजी आन हाय तुला."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी युनूस मास्तरांनी सगळ्यांना पेले दिले आणि पोरांकडं पाठ करून फळ्यावर लिहायला लागले. खिंडाराजवळून पावलं गेली, आली, परत गेली. पावलं थांबेपर्यंत त्यांनी एकच ओळ पुसून पुसून लिहिली. एका वात्रट पोरानं विचारलं, "गुर्जी, ह्ये किती येळा लिवनार?" तर ते म्हणाले, "तुला पाठ होईपर्यंत. पी गुमान."

त्याच दुपारी गोजरा देवळात आली. "चिठ्ठी द्या पौडाची. ड्रम म्या आनते."

"तुमच्यानं ड्रम हलणार नाही."

"हलंल तेवडा आनते."

मास्तरांनी कागद लिहून घडी करून दिला. गोजरानं तो उलटसुलट करून पाहिला. कुठली बाजू वर, हेही तिला कळत नव्हतं. अख्खा जन्म तिचं कागदावाचून अडलं नव्हतं, आणि आता पोराचा जीव त्या चार ओळींत होता. तिनं तो वेळूच्या नळीत घातला, नळी कमरेला खोचली, पाठीवर पावसासाठी पानांचं इरलं घेतलं आणि निघाली.

पौडला पोचेपर्यंत अंधार पडला. गोदामाच्या पायरीवर रात्र काढली. सकाळी हैबतराव नावाचे कारकून आले, चिठ्ठी न बघताच म्हणाले, "दूध न्यायला मास्तर यायला पाहिजे. तू कोण?"

"मी दूध पिनाऱ्या पोरीची आई."

"अगं बाई, हा ड्रम बैलाला जड. तू डोक्यावर नेणार?"

"समदा नगं. माज्या डोक्याएवडा द्या."

आजूबाजूचे हमाल हसले. हैबतराव पण हसले आणि मग चिठ्ठी उघडून वाचू लागले. वाचता वाचता थांबले.

"मुले सव्वीस. आणि एक," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे 'आणि एक' काय आहे? असं कुठं लिहितात का?"

"काय लिवलंय?" गोजरानं विचारलं. "परत वाचा."

"मुले सव्वीस. आणि एक."

"त्यो माजा," ती म्हणाली. "त्यो येक माजा हाय."

हैबतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मोजमाप होईपर्यंत, वरचा साहेब येऊन सही करेपर्यंत संध्याकाळ झाली. तिच्या अंगठ्याला शाई लावून घेतली. तिसऱ्या दिवशी उजाडताना हमालांनी पत्र्याचा डबा भुकटीनं भरून, झाकणावर मेण ओतून तिच्या डोक्यावर चढवला. पंधरा दिवसांचं दूध.

वाटेत पाऊस लागला. गोजरानं पाठीवरचं इरलं काढून डब्यावर घातलं आणि स्वतः भिजत चालली. पहिल्या ओढ्याला पाणी कमरेला लागलं, दुसऱ्याला छातीला. मधेच पाय सरकला. ती पडली नाही, कारण पडली असती तर डबा पडला असता. मान आखडली, डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले, तरी ती डबा उतरवून बसली नाही. एकदा उतरवला तर परत डोक्यावर कोण चढवणार? आणि सगळ्या वाटेत तिच्या मनात एकच गोष्ट. निघाली तेव्हा कोंडिबानं डोळे उघडले नव्हते. वाडी जवळ आली तशी तिची पावलं जड झाली. घराकडून रडण्याचा आवाज येतोय का ते ती ऐकत होती. नुसता पाऊस वाजत होता.

ती खालच्या खाचराच्या बांधाला पोचली ती नेमकी दुधाची वेळ. समोर वर देऊळ, डाव्या हाताला तिचं घर. ती आंब्याखाली थांबली. पुढं जायचं धाडस होईना.

देवळाच्या खिंडारातून साळू बाहेर आली. गाल फुगलेले होते.

गाल फुगलेले, म्हणजे घरात अजून कुणीतरी आहे. साळू बांधावरून घरात गेली. घटकेनं बाहेर आली, परत देवळात गेली, परत गाल फुगवून आली. एक तोंड झालं. हे दुसरं. ठरल्याप्रमाणं दोन झाली, आता पोरगी वर्गात जाऊन बसेल.

साळू देवळात गेली आणि तिसऱ्यांदा बाहेर आली. गाल भरलेलेच होते.

गोजराच्या घशाशी हाक आली. "गिळ!" एवढंच ओरडायचं होतं. पण ओरडली तर पोरगी दचकेल, आणि दूध सांडेल. म्हणून तिनं दोन्ही हातांनी डबा घट्ट धरला, तोंड मिटलं आणि साळू दाराच्या आत जाईपर्यंत पावसात तशीच उभी राहिली.